पावसाळी हिरवें गवत आणि तट्टाचें वजन

जनावर उपाशी ठेवणें हें पाप आहे, ही गोष्ट आपल्या शेतकरी समाजास कोणी शिकवावी लागत नाहीं. दावणीचा बैल खंगला तर धन्यास गांवांत मान खालीं घालावी लागते. पोळ्याच्या दिवशीं बैलाच्या बरगड्या मोजतां आल्या तर शेजारीपाजारी तोंडावर बोलून दाखवितात. परंतु ह्याच्या उलट बाजूस, म्हणजे जनावरास गरजेपेक्षां अधिक खाऊं घालून तें बिघडविणें, ह्यास आपल्याकडे कोणी दोष म्हणून गणीत नाहीं. उलट त्याचें कौतुकच होतें. बैल खाल्लेलें कामांत फेडतो, म्हणून त्याच्या बाबतींत हा दोष क्वचित् घडतो. तट्टाच्या बाबतींत मात्र तो दर पावसाळ्यांत घडतो, आणि त्याचें फळ पुढें कार्तिकांत, ऐन कमाईच्या तोंडावर, पदरांत पडतें. ह्या विषयावर आपल्या मासिकांतून चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

मी पशुवैद्य नाहीं; महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालेला मनुष्य आहें. परंतु पाहण्या, पंचनामे आणि गणत्या ह्यांच्या निमित्तानें तालुक्यांतील वाड्यावस्त्यांवर पुष्कळ फिरणें झालें, आणि घरींहि एक तट्टू अनेक वर्षें बाळगून आहें. इ. स. २०१९ च्या पशुगणनेंत सबंध देशांत घोडे व तट्टें मिळून सुमारें ३ लक्ष ४० हजार भरलीं. त्यापूर्वींच्या २०१२ च्या गणनेशीं ताडून पाहतां ही घट शेंकडा ४५.६ इतकी आहे. टांगा गेला, ओझ्याचें तट्टू टेम्पोनें हटविलें. आज ज्या घरीं तट्टू उरलें आहे, तेथें तें बहुधा हौसेसाठीं नसून पोटासाठीं आहे. असें एक जनावर पायांनीं अधू झालें म्हणजे त्या घराची एक कमाईच बंद होते. म्हणून हा प्रश्न दिसतो तितका लहान नाहीं.

तट्टू ही मुळांतच थोडक्यावर राहणारी जात आहे. इंग्लंडांत ह्या गोष्टीचा पुष्कळ विचार झालेला आहे. शेटलंड बेटें, वेल्सचे डोंगर, डार्टमूरचें माळरान येथील तट्टें ओसाड मुलखांत वाढलेलीं. हिंवाळ्यांत चारा आटला म्हणजे अंगावरची चरबी झडावी, आणि वसंत ऋतूंत नवें गवत फुटलें म्हणजे ती पुन्हा भरून यावी, असा निसर्गानेंच घातलेला हा जमाखर्च आहे. माणसानें हिंवाळ्यांत झूल घातली, तोबरा भरला, आणि खर्चाची बाजू बंद केली. वसंतांतील जमा मात्र चालूच राहिली. त्यामुळें तेथें एप्रिल-मे महिन्यांत कोंवळ्या गवतावर मोकळें सोडलेलें तट्टू पाहतां पाहतां फुगतें आणि पुढें खुरांच्या रोगानें पडतें. म्हणून त्या दिवसांत तेथील जाणते धनी आपल्या तट्टास कुरणांत मोजूनमापूनच सोडतात.

आपल्याकडे चैत्र-वैशाखांत माळ उघडा पडलेला असतो. गवताच्या दृष्टीनें पाहिलें तर आपला वसंत आषाढांत येतो. मृगाचा पाऊस लागून पंधरा-वीस दिवस झाले कीं बांध, ओढ्याचे कांठ आणि गायरान हिरवें होतें, आणि तेथून आश्विनापर्यंत चाऱ्यास तोटा राहत नाहीं. आतां ह्या काळांत आपल्या तट्टाच्या खर्चाची बाजू कशी असते तें पाहूं.

धनगर बांधवांचीं भीमथडी तट्टें घ्या. दिवाळीच्या सुमारास कळपाबरोबर घर सोडावें, पाठीवर बिऱ्हाड घेऊन मुलूखच्या मुलूख तुडवावा, आणि पावसाच्या तोंडावर माघारीं यावें, असें त्यांचें आयुष्य. पावसाळ्यांत अंगावर जें चढतें तें पुढच्या आठ महिन्यांच्या वाटेवर झडून जातें. त्यांचा जमाखर्च बरोबर जुळतो, आणि म्हणूनच तीं काटक राहतात.

ह्याच्या उलट वरातीची घोडी पाहा. तुळशीच्या लग्नापासून ज्येष्ठापर्यंत तिला आज ह्या गांवीं तर उद्यां त्या गांवीं, रात्र रात्र उभें राहणें व चालणें असतें. आषाढी एकादशीस देव निजले कीं बहुधा मुहूर्त बंद होतात, आणि कार्तिकी एकादशीपर्यंत घोडी खुंट्यावर उभी राहते. इ. स. २०२३ सालीं अधिक श्रावण आल्यानें तर ही बसकण पांच महिन्यांची झाली. ज्या चार महिन्यांत काम शून्य, त्याच चार महिन्यांत हिरवें गवत उदंड. आणि लग्नसराईंत लावलेली हरभऱ्याची चंदी व गूळ हीं दोन्ही ‘घोडीची तब्येत राहावी’ म्हणून तशींच चालू. महाबळेश्वर, पांचगणी, माथेरान येथील सवारीच्या तट्टांचीहि स्थिति फारशी निराळी नाहीं. पावसाळ्यांत गिऱ्हाईक उतरतें, तट्टू उभें राहतें, गवत मात्र वाढत असतें.

येथें एक खुलासा केला पाहिजे. इंग्रजी पुस्तकांतील नियम जसाच्या तसा उचलून आपल्या माळावर लावणें बरोबर होणार नाहीं. थंड देशांतील राय-गवत आपला जादा सांठा फ्रुक्टान नांवाच्या साखरेच्या रूपानें ठेवतें. आपल्याकडील मारवेल, पवन्या, कुसळी, हरळी हीं उष्ण मुलखांतील गवतें आपला सांठा बहुतेक स्टार्चच्या रूपानें ठेवतात, आणि सामान्यतः त्यांत साखरेचा अंश त्या मानानें कमी असतो. म्हणून केवळ माळरानावर हिंडून पोट भरणाऱ्या तट्टास आपल्याकडे भय थोडें. भय आहे तें तीन गोष्टी एकत्र येण्याचें: कोरड्या चाऱ्यावरून हिरव्या चाऱ्यावर एकदम केलेला पालट, कामाची बंदी, आणि न थांबविलेली चंदी. ह्यांत पाणथळ मळ्यांतील लसूणघांसाची भर पडली म्हणजे मग पाहावयासच नको. माझें मत असें आहे कीं, आपल्याकडे गवत हा एकटा अपराधी नाहीं. खरा अपराध हातांतील तोबऱ्याचा आहे.

ह्या अपराधाची शिक्षा कोणती, तेंहि सांगतों. घोड्याच्या पायाचें शेवटचें हाड खुराच्या भिंतीस आंतून बारीक पापुद्र्यांनीं टांगलेलें असतें. ह्या पापुद्र्यांस दाह होऊन ते सैल पडतात, हाड आपल्या जागेवरून ढळतें, आणि जनावरास टाप टेंकणें असह्य होतें. ह्या रोगास पशुवैद्य लॅमिनायटिस म्हणतात. तो दोन वाटांनीं येतो. चंदी एकदम फार गेली तर न पचलेला स्टार्च मागच्या मोठ्या आंतड्यांत उतरतो व तेथें आंबतो, आणि त्यांतून निघालेलीं विषारी द्रव्यें रक्तांत जातात. ही एक वाट. दुसरी वाट अधिक छुपी आहे. लठ्ठ तट्टाच्या रक्तांत इन्शुलिन प्रमाणाबाहेर वाढतें, आणि तें वाढलेलें इन्शुलिनच खुरांस बाधतें. ऑस्ट्रेलियांत २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत निरोगी तट्टांच्या रक्तांत इन्शुलिन दीर्घ वेळ चढतें ठेवून पाहिलें, तेव्हां त्यांच्या पायांत हाच रोग उत्पन्न झाला. म्हणजे चरबी ही केवळ दिसण्याची गोष्ट नव्हे; ती खुरांत उतरणारी व्याधि आहे.

आमच्या तालुक्यांतील एका वरातवाल्याची पांढरी घोडी अशी गेलेली मीं पाहिली आहे. गेली म्हणजे मेली नाहीं. परंतु आश्विनांत ती पुढचे पाय पुढें रोंवून, सर्व भार मागच्या पायांवर घेऊन उभी राहूं लागली. वळतां येईना, बसली तर उठेना. घरच्या मंडळींस वाटलें कीं अंग आंखडलें आहे, चालविल्यानें मोकळें होईल. म्हणून त्यांनीं तिला दोन दिवस ओढून चालविलें. पशुवैद्य आले तेव्हां पहिली गोष्ट त्यांनीं बंद केली ती हें चालविणें. घोडी वांचली, पण ती सबंध लग्नसराई खुंट्यावर गेली, आणि बँडवाल्यांशीं घेतलेली इसार परत करावी लागली. ही चिन्हें दिसतांच, म्हणजे पाय रोंवून उभें राहणें, खूर गरम लागणें, खुराच्या वर घोट्यापाशीं नाडी जोरानें उडणें, तट्टास मऊ जागीं उभें करावें, चंदी व हिरवा चारा तात्काळ बंद करावा, आणि त्याच दिवशीं पशुवैद्यास बोलवावें. चालवूं नये.

ह्यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा कीं, ‘आपल्याकडे जनावरें उपाशी मरतात, आणि हे गृहस्थ लठ्ठपणाचें काय घेऊन बसले?’ आक्षेप खोटा नाहीं. वीटभट्टीवर खपणारें, बरगड्या दिसणारें तट्टू ज्याच्या दारीं आहे त्यानें हा लेख बाजूस ठेवावा व तोबरा भरावा. परंतु एकाच गांवांत एक जनावर कमी खाऊन आणि दुसरें अधिक खाऊन बिघडत असेल, तर दोन्ही दोष दोषच राहतात. दुसरा आक्षेप प्रतिष्ठेचा आहे. सारंगखेड्याच्या किंवा माळेगांवच्या यात्रेंत गिऱ्हाइकाची नजर आधीं पुठ्ठ्यावर जाते. वरातींत घोडी गोल, तुकतुकीत दिसली तरच मागणी येते, असें धनी म्हणतात. तुकतुकी खराऱ्यानें आणि योग्य चाऱ्यानें येते, चरबीनें नव्हे. मानेवर आयाळीखालीं चढलेला कठीण उंचवटा ज्यास शोभा वाटतो, त्यानें तो हातानें दाबून पाहावा. तो न हलणारा कठीण झाला असेल तर ती शोभा नसून धोक्याची सूचना आहे. आणि जो व्यापारी पुढच्या वर्षीं लंगडणारें जनावर विकत घेतो, तो पुढील यात्रेंत आपल्याच नांवानें खडे फोडतो, हेंहि ध्यानांत ठेवावें.

आतां उपायाकडे वळूं. महसूल खात्यांत पिकाची पैसेवारी आधीं नजरअंदाजानें ठरवितात. परंतु शेवटचा आंकडा पीक कापून, वजन करून मगच ठरतो. कारण डोळा हा फसवा साक्षीदार आहे. रोज पाहिलेल्या वस्तूंतील फरक तर त्यास मुळींच दिसत नाहीं. तट्टाच्या बाबतींत आपण सर्वजण वर्षभर नजरअंदाजावरच चालतों. तो सोडून माप घेण्यास लागणें हा सर्व उपायांचा पाया होय.

माप घेण्यास शिंप्याची फीत पुरे. तंग जेथें बसतो तेथें, कोपराच्या लगत मागून, छातीचा घेर सेंटिमीटरमध्यें मोजावा. मग खांद्याच्या पुढच्या टोंकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोंकापर्यंत अंगाची लांबी मोजावी. घेरास घेरानें गुणावें, त्यास लांबीनें गुणावें, आणि ११,८८० नें भागावें. येईल तें वजन किलोग्रॅममध्यें समजावें. उदाहरणार्थ, घेर १५० व लांबी १३५ असेल तर वजन सुमारें २५६ किलो येतें. हा आंकडा कांट्याइतका अचूक नसला तरी पुढच्या मापाशीं ताडून पाहण्यास उत्तम आहे. दर पंधरा दिवसांनीं, त्याच वेळीं, त्याच हातानें माप घेऊन वहींत तारखेसह लिहावें.

मापाबरोबर हात फिरवावा. अमेरिकेंत टेक्सास येथें हेनेके ह्यांनीं १९८३ सालीं घोड्याच्या अंगस्थितीस १ ते ९ अशा पायऱ्या लावून दिल्या. १ म्हणजे हाडांचा सांपळा, ९ म्हणजे अति लठ्ठ, आणि ५ ही मध्यम व इष्ट पायरी. बरगड्या डोळ्यांस दिसूं नयेत, परंतु तळहात हलका फिरवितांच बोटांस लागाव्यात, ही ५ ची खूण. बोट रुतवूनहि बरगडी लागेना, खांद्यामागें गादी हातास लागते, पाठीच्या कण्यावर पन्हाळ पडली आहे, तर तें तट्टू ७ च्या पुढें गेलें असें समजावें. पोटाच्या आकारावर जाऊं नये. नुसत्या गवतावरील रोड तट्टाचें पोटहि मोठें दिसतें.

वजन कळल्यावर चाऱ्याचा हिशेब सोपा आहे. साधारण तट्टास दिवसाकांठीं वजनाच्या शेंकडा २ इतका सुका अंश पुरतो. मोकळें सोडलेलें तट्टू मात्र ह्याच्या दुपटीहून अधिक खाऊं शकतें. लठ्ठ तट्टास शेंकडा १.५ वर आणावें. वरील २५६ किलोंच्या तट्टास हा हिशेब ३.८४ किलो सुक्या अंशाचा, म्हणजे सुमारें सव्वाचार किलो वाळलेल्या गवताचा होतो. हें गवत बीं पडून पिकल्यावर कापलेलें असावें, आणि तें तीन-चार वेळां वांटून घालावें. बुरशी आलेला कडबा पावसाळ्यांत कोणत्याहि जनावरास घातक आहे. तट्टास तर पोटशूळाचें तें एक ठरलेलें कारण आहे.

हिरव्या माळावर सोडण्याचा नियम असा. पहिल्या दिवशीं अर्धा तास, आणि पुढें रोज थोडा थोडा वेळ वाढवीत दोन-तीन आठवड्यांनीं पूर्ण वेळेवर यावें. तोंवर आधीं वाळलें गवत घालून मगच बाहेर काढावें. ऊन पडलें कीं गवत साखर तयार करूं लागतें व ती दुपारनंतर सर्वांत अधिक असते. रात्रीं ती वाढीसाठीं खर्च होते. म्हणून लठ्ठ तट्टास चारावयाचें तें पहांटेपासून सकाळच्या पहिल्या प्रहरांत. परंतु नुसती वेळ कमी करून भागत नाहीं. विलायतेंतील एका पाहणींत तीन तास कुरणांत सोडलेल्या तट्टांनीं दिवसभराच्या खाण्यापैकीं सुमारें शेंकडा ४० भाग त्या तीन तासांतच उरकला. भूक ठेवून सोडलेलें तट्टू घाईघाईनें चरतें, हा त्यांतील बोध.

ह्यावर फार चांगला उपाय आपल्या घरांतच आहे. पूर्वीं मळणींत आणि अद्यापि कोळपणींत बैलाच्या तोंडास आपण मुसकें बांधतों. तट्टासाठीं तसेंच मुसकें, पण तळाशीं रुपयाएवढें एक भोंक ठेवून, पक्क्या जाळीचें करावें. गवताची शेंडीं तेवढीं भोंकांतून तोंडांत येतात, पाणी पितां येतें, आणि तट्टू दिवसभर हिंडतें फिरतें राहतें. अशा मुसक्यानें चरणें शेंकडा ८० पर्यंत कमी झाल्याचें मोजमापांत आढळलें आहे. तें रात्रंदिवस ठेवूं नये, नाकास घांसतें कीं काय हें रोज पाहावें, आणि तट्टास त्यांतून पाणी पितां येतें ह्याची खात्री करावी.

चंदीविषयीं माझें मत ठाम आहे: काम बंद त्या दिवशीं चंदी बंद. हरभरा, जोंधळा, गूळ हीं श्रमाचीं अन्नें आहेत, विसाव्याचीं नव्हेत. गाभण घोडी, पाजणारी घोडी, वाढतें शिंगरूं आणि रोड जनावर हे ह्यास अपवाद. बाकीच्यांस मिठाचा खडा, स्वच्छ पाणी व वाळलें गवत एवढें पुरे. खूर निर्दोष असतील तर रोज तासभर हातीं धरून चालवावें. चार महिने खुंट्यावर ठेवणें हीच निम्म्या रोगाची मुळी होय.

मात्र हें वाचून कोणी एकदम उपास घडवूं नये. लठ्ठ तट्टाचें अन्न अकस्मात् तोडलें तर अंगावरील चरबी लोटानें रक्तांत उतरते, यकृत बिघडतें, आणि जनावर दगावतें. गाभण व पाजणाऱ्या घोड्यांस हें भय सर्वांत अधिक. जें चार महिन्यांत चढलें तें चार दिवसांत उतरविण्याचा हट्ट धरूं नये. म्हाताऱ्या तट्टाचे लांब केंस उन्हाळ्यांतहि झडत नसतील, तर त्यास ग्रंथीचा निराळा विकार असूं शकतो व खुरांच्या रोगाचें भयहि अधिक. तें पशुवैद्यास दाखवावें.

आपल्या संस्थेस माझ्या तीन सूचना आहेत. एक फीत आणि वजनाचा तक्ता संस्थेच्या कचेरींत टांगावा, व तट्टू घेऊन येईल त्यास माप घेऊन द्यावें. ह्यास खर्च जवळजवळ नाहींच. दुसरी, आपल्या प्रदर्शनांत घोड्यातट्टांस बक्षीस देतांना परीक्षकांनीं दुरून पुठ्ठा न पाहतां बरगडीवर हात ठेवून गुण द्यावेत. बक्षीस जिकडे जाईल तिकडे लोकांची आवड आपोआप वळते. तिसरी, आश्विन-कार्तिकांत पिकलेलें माळाचें गवत संस्थेनें विकत घेऊन गंजी घालून ठेवावी, म्हणजे पुढच्या पावसाळ्यांत ‘वाळलें गवत मिळत नाहीं म्हणून हिरव्यावर सोडलें’ ही सबब राहणार नाहीं.

असो. कोणत्याहि खात्याचा हिशेब वर्षाअखेर एकदम जुळवूं पाहणारा मनुष्य फसतो. रोजकीर्द रोज लिहिणारास वर्षाअखेर घोर नसतो. तट्टाचेंहि तसेंच आहे. आषाढी एकादशीस पहिलें माप घ्यावें, कार्तिकीस शेवटचें घ्यावें, आणि मधल्या दर पंधरवड्याच्या नोंदी वहींत असाव्यात. दोन्ही आंकडे जवळजवळ सारखे भरले, तर त्या घरची घोडी तुळशीच्या लग्नानंतर चारी पायांवर उभी राहील, ह्यांत मला संशय वाटत नाहीं.

— एक निवृत्त महसूल कारकून